लहान विभाग, मोजके विद्यार्थी : झुरिच पॉलिटेक्निकमधील भौतिकशास्त्राचे शिक्षण (१८९६–१९००)

प्रस्तावना

भौतिकशास्त्राचा इतिहास बहुतांशी शोधांचा आणि शोधकर्त्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. हे शोधकर्ते विद्यार्थिदशेत कोणत्या वर्गात बसले, कोणती उपकरणे त्यांच्या हाती आली, त्यांच्या उत्तरांवर गुण कोणी दिले, या बाबी चरित्रग्रंथांच्या पहिल्या एक-दोन प्रकरणांत उरकल्या जातात. वस्तुतः उच्च शिक्षणाच्या इतिहासात या बाबींना स्वतंत्र मोल आहे. जुलै १९०० मध्ये झुरिच येथील संघराज्यीय पॉलिटेक्निकच्या एका लहानशा विभागातून पाच विद्यार्थी अंतिम परीक्षेस बसले. चौघे उत्तीर्ण झाले. एक विद्यार्थिनी अनुत्तीर्ण झाली. उत्तीर्णांपैकी तिघांना संस्थेतच सहायकपद मिळाले, चौथ्यास मिळाले नाही. तो चौथा आल्बर्ट आइन्स्टाइन होता. अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थिनीचे नाव मिलेव्हा मारिच.

आइन्स्टाइनचे मोठेपण हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. विषय आहे तो विभाग. विभाग लहान असला म्हणजे प्राध्यापक प्रत्येक विद्यार्थ्यास नावानिशी ओळखतात, उपकरणांसाठी रांग लागत नाही, आणि सहाध्यायी हेच दुसरे गुरू होऊन बसतात. परंतु त्याच लहानपणामुळे एका प्राध्यापकाची मर्जी गेली की विद्यार्थ्यास दुसरे दार उरत नाही. झुरिचच्या या तुकडीच्या वाट्याला दोन्ही गोष्टी आल्या, आणि त्या एकाच कारणातून आल्या, असे उपलब्ध पत्रव्यवहार, टिपणवह्या व गुणपत्रके यांवरून दिसते.

संस्था व तिचा सहावा विभाग

पॉलिटेक्निक हा शब्द मराठी वाचकास तंत्रनिकेतनाची आठवण करून देतो. झुरिचची संस्था त्या जातीची नव्हती. १८४८ च्या राज्यघटनेने स्वित्झर्लंडला आधुनिक संघराज्याचे रूप आले आणि १८५५ मध्ये ही संस्था सुरू झाली. रेल्वे, पूल, बोगदे व यंत्रशाळा उभारणारे अभियंते घडविणे हा तिचा मुख्य हेतू होता. झुरिचचे विद्यापीठ १८३३ पासून अस्तित्वात होते. गोटफ्रीड झेम्पर या वास्तुशिल्पज्ञाने पॉलिटेक्निकसाठी बांधलेल्या भव्य इमारतीच्याच एका भागात ते १९१४ पर्यंत नांदत होते. एका छपराखालील या दोन संस्थांत महत्त्वाचा भेद असा, की पॉलिटेक्निकला १९०९ पर्यंत डॉक्टरेट देण्याचा अधिकार नव्हता. ज्याला ती हवी असे त्याने प्रबंध शेजारच्या विद्यापीठात सादर करावयाचा. यंत्र-अभियांत्रिकीची पदविका १८६८ मध्ये घेतलेल्या विल्हेल्म रोंटगेननेही पुढील वर्षी तसेच केले होते. येथे पदविका म्हणजे चार वर्षांच्या अभ्यासानंतरची अंतिम पात्रता. दर्जाने ती आपल्याकडील पदवीहून उणी नव्हे.

अभियंत्यांच्या या संस्थेत सहावा विभाग काहीसा आडबाजूचा होता. गणित व विज्ञान या विषयांचे शिक्षक तयार करण्यासाठी तो होता. त्याच्या ‘अ’ शाखेत गणित, भौतिकशास्त्र व खगोलशास्त्र हे विषय येत. येथून बाहेर पडणारा विद्यार्थी बहुधा एखाद्या प्रांतिक माध्यमिक शाळेत शिक्षक होणार, असे गृहीत धरलेले असे. त्यामुळे अभियांत्रिकीचे वर्ग भरलेले असताना या शाखेत मात्र हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच विद्यार्थी दिसत. पण अभियंत्यांना उच्च गणित शिकवावे लागते म्हणून नेमलेले श्रेष्ठ गणिती या मोजक्या मुलांनाही उपलब्ध होते. आडोल्फ हुरविट्झ, १८९६ मध्ये आलेले हेर्मान मिंकोव्हस्की, भूमितीचे विल्हेल्म फीडलर व कार्ल फ्रीडरिख गाइझर ही नावे त्या काळच्या कोणत्याही मोठ्या जर्मन विद्यापीठास शोभली असती.

भौतिकशास्त्राची परंपराही क्षुल्लक नव्हती. संस्था सुरू झाली तेव्हा या विषयाच्या आसनावर रुडॉल्फ क्लॉसियस होते. ऊष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाचे हे प्रणेते १८६७ पर्यंत झुरिचमध्ये होते. १८७५ मध्ये ते आसन हाइनरिख फ्रीडरिख वेबर यांच्याकडे आले. बर्लिनमध्ये हेल्महोल्ट्झ यांचे सहायक म्हणून काम केलेल्या वेबर यांनी हिरा, बोरॉन व सिलिकॉन यांची विशिष्ट उष्णता तापमान उतरते तशी घटत जाते, हे अत्यंत काळजीपूर्वक मापनांनी दाखविले होते. पुढे त्यांचे लक्ष विद्युत्‌तंत्राकडे वळले. १८९१ मध्ये लाउफेनहून फ्रांकफुर्टला सुमारे १७५ किलोमीटर अंतरावर वीज वाहून नेण्यात आली, त्या विख्यात प्रयोगाच्या चाचण्यांतही त्यांचा सहभाग होता. मुख्य इमारतीच्या वरच्या उतारावर, ग्लोरियास्ट्रासवर १८९० मध्ये पूर्ण झालेली भौतिकशास्त्राची स्वतंत्र वास्तू हे त्यांचे राज्य होते. मापनाची उत्कृष्ट उपकरणे तेथे होती. सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे स्वतंत्र आसन मात्र पॉलिटेक्निकमध्ये नव्हते, आणि त्या उणिवेचे परिणाम पुढील चार वर्षांत दिसून आले.

तुकडी

ऑक्टोबर १८९६ मध्ये प्रवेश घेतलेल्यांत आल्बर्ट आइन्स्टाइन सतरा वर्षांचा होता. आदल्या वर्षी प्रवेशपरीक्षेत तो अयशस्वी ठरला होता. परंतु त्याची गणित व भौतिकशास्त्रातील उत्तरे पाहून, झुरिचमध्ये राहत असल्यास आपल्या व्याख्यानांना येण्याची मुभा त्याला देणारे गृहस्थ वेबर हेच होते. पुढील संबंधांच्या पार्श्वभूमीवर हा आरंभ विसरता कामा नये. आराऊ येथील शाळेत एक वर्ष काढून तो परत आला. जेनोआच्या नातलगांकडून त्यास दरमहा १०० फ्रँक मिळत आणि त्यातूनही स्विस नागरिकत्वाच्या शुल्कासाठी तो काही रक्कम बाजूला टाकी.

मार्सेल ग्रोसमन बुडापेस्टमध्ये जन्मलेला, पण स्विस घराण्यातला. टापटिपीचा, नियमित, प्राध्यापकांचा विश्वास संपादन केलेला. लुई कोलरोस घड्याळांच्या गावाहून, ला शो-द-फोंहून आला होता. याकोब एहराट हा चौथा.

मिलेव्हा मारिच या सर्वांहून वयाने मोठी होती. १८७५ मध्ये तत्कालीन हंगेरीतील व्होइव्होदिना प्रदेशात एका सर्ब कुटुंबात तिचा जन्म झाला. झाग्रेब येथील मुलांच्या शाळेत प्रवेश मिळविण्यासाठी आणि नंतर मुलांबरोबर भौतिकशास्त्राच्या तासांना बसण्यासाठी तिला विशेष परवानगी घ्यावी लागली होती. झुरिचमध्ये स्त्रियांना उच्च शिक्षणाची दारे युरोपातील बहुतेक देशांहून आधी उघडली होती; १८६७ मध्येच नादेझदा सुस्लोवा या रशियन तरुणीने तेथील विद्यापीठाची वैद्यकातील डॉक्टरेट मिळविली होती. मारिचने वैद्यकाचे एक सत्र केले आणि मग पॉलिटेक्निकच्या सहाव्या विभागात नाव घातले. तुकडीत ती एकटीच स्त्री होती. दार उघडे असणे आणि आत गेल्यावर आपल्यासारखे दुसरे कोणी असणे या भिन्न गोष्टी आहेत, याचा विचार संस्थांचे इतिहास लिहिताना फारसा होत नाही.

पहिले वर्ष प्रायः गणिताचे होते : कलनशास्त्र, बैजिक भूमिती, वर्णनात्मक व प्रक्षेपीय भूमिती, यामिकी. वेबर यांची भौतिकशास्त्राची मुख्य व्याख्याने दुसऱ्या वर्षी सुरू होत. म्हणजे भौतिकशास्त्रासाठी आलेल्यास वर्षभर भूमितीच्या आकृत्या काढाव्या लागत. वैकल्पिक व्याख्यानांची मात्र रेलचेल होती. आइन्स्टाइनने आउगुस्ट श्टाडलर यांची कांटच्या तत्त्वज्ञानावरील आणि आल्बर्ट हाइम यांची भूशास्त्रावरील व्याख्याने ऐकली. गणिताच्या तासांना त्याने दांड्या मारल्या. अशा वेळी ग्रोसमनच्या स्वच्छ अक्षरातील टिपणवह्या कामास आल्या. ऑक्टोबर १८९८ मधील मध्यावधी परीक्षेत आइन्स्टाइनला ६ पैकी ५.७ अशी सरासरी मिळून तो पहिला आला आणि ग्रोसमन ५.६ सह त्याच्या मागे राहिला. ज्याच्या वह्या त्याचा दुसरा क्रमांक! त्या वह्या आजही त्याच संस्थेच्या ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत, आणि त्यांच्याविना आपले काय झाले असते याचा विचार न केलेलाच बरा, अशा आशयाचे उद्गार आइन्स्टाइनने उतारवयात काढले आहेत.

मारिचचा क्रम मध्येच तुटला. १८९७-९८ चे हिवाळी सत्र तिने हायडेलबर्ग येथे घालविले. तेथे स्त्रियांना रीतसर नावनोंदणी नव्हती. केवळ श्रोता म्हणून बसता येई. फिलिप लेनार्ड यांचे वायूंच्या गतिज सिद्धांतावरील व्याख्यान ऐकून तिने झुरिचला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. प्रतिसेकंद ४०० मीटरहून अधिक वेगाने धावणारा रेणू धडका खात खात शेवटी केसाच्या जाडीच्या शतांशाएवढीच वाट चालतो, या हिशेबाची तिला वाटलेली गंमत त्यात मोकळेपणी उतरली आहे. फेब्रुवारी १८९८ मध्ये आइन्स्टाइनने तिला कळविले, की वेबर उष्णतेचा विषय मोठ्या प्रभुत्वाने शिकवीत आहेत आणि त्यांच्या प्रत्येक तासाची आपण आतुरतेने वाट पाहतो. वसंत ऋतूत ती परत आली. एका सत्राच्या या अंतरामुळे तिची मध्यावधी परीक्षा एक वर्ष लांबली. ऑक्टोबर १८९९ मध्ये ती ५.०५ सरासरीने सहा परीक्षार्थींत पाचवी आली; भौतिकशास्त्रात तिला ५.५ गुण होते, म्हणजे आइन्स्टाइनला आदल्या वर्षी मिळाले होते तेवढेच.

प्रयोगशाळा आणि खोलीतील पुस्तके

या विभागाने विद्यार्थ्यांस दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे प्रयोगशाळा. आइन्स्टाइनला केवळ कागद-पेन्सिलीचा शास्त्रज्ञ समजण्याची प्रथा आहे. त्याच्या आत्मचरित्रपर टिपणांत मात्र, झुरिचमधील बहुतेक वेळ आपण भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढला आणि अनुभवाशी प्रत्यक्ष येणाऱ्या संबंधाने भारून गेलो, असे त्याने नमूद केले आहे. मोठ्या विद्यापीठांत द्वितीय-तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यास इतक्या उंची उपकरणांजवळ इतका वेळ क्वचितच मिळाला असता.

सर्वच प्रात्यक्षिके त्यास मानवली असे नाही. नवशिक्यांची प्रात्यक्षिके झां पेर्ने यांच्याकडे होती. तेथे आइन्स्टाइन फिरकेना. पेर्ने यांनी त्यास नीचतम असा १ गुण दिला आणि मार्च १८९९ मध्ये संचालकांकरवी हयगयीबद्दल लेखी ताकीद देवविली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेतील स्फोटाने त्याच्या उजव्या हातास इजा झाली. पेर्ने यांच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे, की माध्यमिक शिक्षक घडविणाऱ्या विभागात प्रात्यक्षिकांना दांडी मारणाऱ्यास ताकीद देणे हे त्यांचे कर्तव्यच होते.

वेबर यांच्याशी झालेला दुरावा याहून खोल कारणांचा होता. त्यांची उष्णतेवरील व्याख्याने उत्तम होती. आइन्स्टाइनने घेतलेली टिपणेच त्याची साक्ष देतात. अडचण पुढे आली. मॅक्सवेलचा विद्युत्‌चुंबकत्वावरील ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि हाइनरिख हर्ट्झने १८८७-८८ मध्ये विद्युत्‌चुंबकीय तरंग प्रत्यक्ष निर्माण करून दाखविले होते. एवढे असूनही वेबर यांच्या अध्यापनात मॅक्सवेलचा सिद्धांत आला नाही, अशी तक्रार त्या काळच्या विद्यार्थ्यांच्या आठवणींत आढळते. मापनतज्ज्ञ आणि विद्युत्‌तंत्रज्ञ असलेल्या प्राध्यापकास सिद्धांताच्या नव्या उलथापालथीत रस नसणे समजण्याजोगे आहे. मोठ्या विभागात ही उणीव दुसऱ्या प्राध्यापकाने भरून काढली असती. येथे ती भरून काढणारा दुसरा प्राध्यापक नव्हता.

ती उणीव विद्यार्थ्यांनी आपल्या खोल्यांत भरून काढली. किर्खहोफ, हेल्महोल्ट्झ, हर्ट्झ, ड्रूड यांचे ग्रंथ आइन्स्टाइनने स्वतः वाचले, आणि त्यांतील बरेचसे वाचन मारिचच्या सोबतीने झाले. सुट्टीतील पत्रांत पुस्तकांची देवाणघेवाण, वाचून झालेली प्रकरणे, शंका यांचे उल्लेख वारंवार येतात. मिकेले बेस्सो या वयाने वडील असलेल्या अभियंता मित्राने एर्न्स्ट माख यांच्या लेखनाकडे त्याचे लक्ष वेधले. लिमाट नदीकाठच्या मेट्रोपोल कॅफेत ग्रोसमनशी आठवड्यातून एकदा बैठक होई. ऑगस्ट १८९९ मधील एका पत्रात आइन्स्टाइनने, गतिमान वस्तूंचे विद्युत्‌गतिशास्त्र आज मांडले जाते तसे सत्याशी जुळणारे नाही, अशी आपली खात्री होत चालल्याचे मारिचला कळविले. ज्या प्रश्नाचे उत्तर १९०५ मध्ये विशेष सापेक्षतेच्या रूपाने आले, तो प्रश्न अशा रीतीने तृतीय वर्षाच्या सुट्टीत, अभ्यासक्रमाबाहेरच्या वाचनातून उभा राहिला होता. ईथरच्या संदर्भात पृथ्वीची गती तपासण्याचा एखादा प्रयोग करावा, असेही त्याच्या मनात होते. वेबर यांच्या प्रयोगशाळेत त्याचा योग आला नाही.

याच काळात वेबर यांना तो ‘हेर प्रोफेसोर’ न म्हणता ‘हेर वेबर’ म्हणू लागला, अशी आठवण सांगितली जाते. मराठीत ‘सर’ सोडून प्राध्यापकांस नुसत्या आडनावाने हाक मारण्यासारखेच हे होते. शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात ते कदाचित ऐकूही गेले नसते.

जुलै १९००

अंतिम परीक्षेचे गुणपत्रक लहान असले तरी बरेच बोलके आहे. प्रत्येक विषयास ६ पैकी गुण देऊन त्यांस भारांकाने गुणले जाई. सैद्धांतिक भौतिकशास्त्र, प्रात्यक्षिक भौतिकशास्त्र व फलन-सिद्धांत यांचा भारांक प्रत्येकी २, खगोलशास्त्राचा १ आणि पदविका-प्रबंधाचा ४, एकूण ११. आइन्स्टाइनचे गुण या क्रमाने १०, १०, ११, ५ व प्रबंधाचे १८, एकंदर ५४. मारिचचे ९, १०, ५, ४ व १६, एकंदर ४४. सरासरी अनुक्रमे ४.९१ आणि ४.००. गणिताकडे वळलेले तिघे बरेच पुढे होते : कोलरोस ६०, ग्रोसमन ५७.५, एहराट ५६.५.

या आकड्यांकडे सावकाश पाहावे लागते. मुख्य विषय भौतिकशास्त्र असलेले दोघेच, आणि ते दोघेही यादीच्या तळाशी. प्रात्यक्षिक भौतिकशास्त्रात दोघांचे गुण समान होते. सिद्धांतात फरक भारांकासह अवघ्या एका गुणाचा. मारिच खरोखर मागे पडली ती फलन-सिद्धांतात, जेथे तिला ६ पैकी २.५ च मिळाले. परंतु केवळ याच विषयाने तिला पाडले, असेही म्हणता येत नाही. फलन-सिद्धांतात तिला आइन्स्टाइनएवढे गुण मिळाले असते तरी तिची बेरीज ५० आणि सरासरी सुमारे ४.५५ झाली असती, म्हणजे ती तरीही शेवटचीच राहिली असती. उरलेले अंतर प्रबंधाचे, खगोलशास्त्राचे व सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे होते. प्रबंधाचा भारांक सर्वांत मोठा. दोघांनीही तो वेबर यांच्याकडे, उष्णतावहन या विषयावर केला होता. हा विषय आपल्याला रुचला नव्हता, असे आइन्स्टाइनने पुढे सांगितले आहे. नियमानुसार ठरलेल्या कागदावर लिहिला नाही म्हणून वेबर यांनी त्यास तो पुन्हा उतरवून काढावयास लावल्याचेही सांगितले जाते. अकरांपैकी आठ भारांक भौतिकशास्त्राचे आणि त्या विषयाचे मुख्य आसन एकच, हे या व्यवस्थेचे स्वरूप होते.

मारिचला जाणीवपूर्वक अनुत्तीर्ण केले, असा निष्कर्ष काही आधुनिक लेखक काढतात. या आकड्यांवरून तो सिद्ध होत नाही. दुसरीकडे, तिची गणिताची तयारी कमी होती एवढे म्हणून प्रश्न मिटविणेही बरोबर नाही. हायडेलबर्गच्या सत्रामुळे तिचा क्रम मोडला होता. परीक्षा एक वर्ष उशिरा दिल्यामुळे मध्यावधी व अंतिम या दोन्ही परीक्षांत अवघे नऊ-दहा महिने राहिले होते, जेथे इतरांस पावणेदोन वर्षे मिळाली. लहान विभागात एकदा मागे पडलेल्यास सोबत घेणारी दुसरी तुकडी सहसा नसते.

आइन्स्टाइनची अवस्था वेगळी होती. उत्तीर्ण होऊनही परीक्षेसाठी डोक्यात कोंबाव्या लागलेल्या गोष्टींमुळे पुढे वर्षभर विज्ञानाच्या कोणत्याही प्रश्नाचा विचार आपणांस नकोसा झाला होता, असे त्याने नंतर लिहिले. वर्षभर हे शब्दशः घेण्याचे कारण नाही; केशाकर्षणावरील त्याचा पहिला शोधनिबंध त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘अनालेन डेर फिजिक’कडे पोहोचला होता. पण त्यास सहायकपद मिळेना. वेबर यांनी त्यास घेतले नाही. सप्टेंबर १९०० मध्ये त्याने हुरविट्झ यांच्याकडे विचारणा केली. वेळेअभावी गणिताच्या चर्चासत्रांत भाग घेता आला नाही, हेही पत्रात प्रांजळपणे कळविले. तेथेही काही जमले नाही. १९०१ च्या वसंतात लाइपझिगच्या ओस्टवाल्ड व लायडनच्या कामर्लिंग ओनेस यांनाही त्याने लिहिले. सर्वत्र नकार वा मौन मिळाल्यावर, आपल्याविषयी मत विचारले जाते तेव्हा वेबर प्रतिकूल लिहीत असावेत, असा संशय त्याने मारिचजवळ व्यक्त केला. वेबर यांनी तसे लिहिल्याचे एकही पत्र पुढे आलेले नाही. तथापि संशय येण्याजोगी परिस्थिती होती हे खरे, कारण भौतिकशास्त्रातील त्याच्या कामाची शिफारस करू शकेल असा दुसरा प्राध्यापक त्याच्यापाशी नव्हता.

वेबर यांच्याकडे आरंभलेला डॉक्टरेटचा विचारही त्याने सोडला आणि झुरिच विद्यापीठाच्या आल्फ्रेड क्लाइनर यांच्याकडे वळला. विंटरथूर व शाफहाउझेन येथे काही महिने शिकवून झाल्यावर अखेर ग्रोसमनच्या वडिलांच्या शब्दामुळे बर्नच्या पेटंट कार्यालयाचे दार उघडले. जून १९०२ मध्ये तो तेथे रुजू झाला. विभागाने जे दिले नाही ते विभागातील मित्राने मिळवून दिले.

मारिचने वेबर यांच्याकडे प्रबंध वाढवून डॉक्टरेट करावयाची, असे ठरविले होते. वेबर यांच्याशी आपले खटके उडत असून आता त्याची सवय झाली आहे, असे तिने मैत्रिणीस लिहिले. जुलै १९०१ मध्ये ती पुन्हा परीक्षेस बसली. त्या वेळी ती सुमारे तीन महिन्यांची गर्भवती होती, विवाह झालेला नव्हता आणि आइन्स्टाइनला स्थिर नोकरी नव्हती. ती पुन्हा अनुत्तीर्ण झाली. वेबर यांच्याकडील काम सोडून ती आईवडिलांकडे गेली.

पुढील वर्षे

१९०७ मध्ये आइन्स्टाइनने क्वांटम कल्पना घन पदार्थांच्या उष्णतेस लावली. आपल्या सूत्राची पडताळणी करण्यासाठी त्याने वापरलेली हिऱ्याच्या विशिष्ट उष्णतेची मापने वेबर यांचीच होती. ज्या प्राध्यापकांच्या अध्यापनात नवा सिद्धांत आला नाही, त्यांच्याच तीस वर्षांपूर्वीच्या आकड्यांनी त्याहून नव्या सिद्धांतास आधार दिला.

मे १९१२ मध्ये वेबर यांचे निधन झाले. त्याच वर्षी, आता तंत्रविद्येची उच्च संस्था असे नाव धारण केलेल्या या पॉलिटेक्निकमध्ये सैद्धांतिक भौतिकशास्त्राच्या आसनावर आइन्स्टाइन परतला. वक्र अवकाशाच्या गणितासाठी त्याने ग्रोसमनला गाठले; ग्रोसमन तेथे १९०७ पासून भूमितीचा प्राध्यापक होता. १९१३ मध्ये दोघांनी मिळून व्यापक सापेक्षतेचा आराखडा प्रसिद्ध केला. विद्यार्थिदशेत गाइझर यांच्याकडून ऐकलेला गाउसचा वक्र पृष्ठांचा सिद्धांत या कामी उपयोगी पडला, असे आइन्स्टाइनने सांगितले आहे. त्या तासांना तरी त्याने दांडी मारली नसावी. कोलरोसही पुढे याच संस्थेत भूमितीचा प्राध्यापक झाला.

जानेवारी १९०३ मध्ये आइन्स्टाइनशी विवाह झालेल्या मिलेव्हा मारिचने तिसऱ्यांदा परीक्षा दिली नाही. १९१४ मध्ये बर्लिन सोडून ती दोन मुलांसह झुरिचला परतली आणि १९१९ मध्ये घटस्फोट झाला. घटस्फोटाच्या करारानुसार मिळालेल्या नोबेल पारितोषिकाच्या रकमेतून तिने झुरिचमध्ये घरे घेतली. हुटेनस्ट्रासवरील तिचे घर ग्लोरियास्ट्रासच्या भौतिकशास्त्राच्या इमारतीपासून फार दूर नव्हते. तेथे ती पियानोच्या व गणिताच्या शिकवण्या करीत असे. थोरला मुलगा हान्स आल्बर्ट याने १९२६ मध्ये त्याच संस्थेतून स्थापत्य-अभियांत्रिकीची पदविका घेतली. मिलेव्हा मारिचचे निधन झुरिचमध्येच ऑगस्ट १९४८ मध्ये झाले.